सकारण निवाडा

काकासाहेब तांगडे भूसंपादन अधिकारी म्हणून शहरात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी कार्यालयातली दोन लोखंडी कपाटं उघडायला लावली. एकाची किल्ली सापडेना, तर कुलूप तोडलं. आतली दप्तरं बाहेर काढून, धूळ झटकून, सायली नावाच्या कंत्राटी मुलीला ती संगणकावर चढवायला बसवलं.

"सरकारी कागद लोकांचा असतो," ते म्हणाले. "लोकांच्या वस्तूला आपण कुलूप घालणारे कोण?"

छप्पन्न वर्षांचा माणूस. तीस वर्षं महसुलात काढली, पण कुणाच्या चहाचा मिंधा नाही. त्यांची बायको मंजुषा म्हणायची, ह्यांना एकच व्यसन आहे, मतांचं. ते काही खोटं नव्हतं. तलाठ्यांच्या प्रशिक्षणात त्यांना बोलवायचे आणि ते अर्ध्या तासाचे दोन तास करायचे. सरकारच्या कर्जाचा विषय निघाला की आवाज चढायचा. राज्य कर्ज काढतं आणि आपण टाळ्या वाजवतो, पण ते फेडणारी पोरं अजून जन्मलीसुद्धा नाहीत, म्हणून सरकारचा रुपया देताना अधिकाऱ्याचा हात थरथरला पाहिजे, असं ते सांगत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी यावर वीस पानी टिपण लिहून वर पाठवलं होतं. ज्या जमिनीची नोंद अधिकार अभिलेखात, म्हणजे सातबाऱ्यावर, नाही तिचा मोबदला देऊ नये, कारण अशा संशयास्पद दाव्यांनीच तिजोरी रिकामी होते, असं त्यात एका परिच्छेदात होतं. ते टिपणही त्यांनी संकेतस्थळावर टाकायला लावलं होतं.

आणि जमीन ज्याची त्याची, यावर तर त्यांची श्रद्धाच होती. फुलंब्री तालुक्यातली त्यांच्या घरची सात एकर पूर्वी एका रस्त्यात गेली होती. निजामाच्या वेळेपासून कागद आरशासारखा स्वच्छ, त्यामुळं तीन महिन्यांत मोबदला हातात पडला. कागद सरळ असला की सरकारची काय बिशाद, असं ते म्हणत.

मागच्या वर्षी हर्सूलच्या पुढं, माळखेड्यावरून, मराठवाडा जोडरस्ता महामंडळाचा रस्ता आखला गेला. काकासाहेबांनी जाणाऱ्या जमिनींची यादी चावडीवर लावली, संकेतस्थळावर टाकली, गावात रिक्षा फिरवून पुकारा केला. ज्याचा हक्क असेल त्यानं कागद घेऊन यावं.

तिसऱ्या दिवशी गीताबाई आल्या. साठीच्या, बारीक, कपाळ मोकळं. हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, तिच्यात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र आणि त्यात घडीवर तुकडे पडू लागलेला एक कागद. काकासाहेबांनी तो टेबलावर पसरला. एक्क्याण्णव सालचा तहसीलदाराचा आदेश. माळखेड्याच्या गायरानातली तीन एकर जमीन मोतीराम यांना कसण्यासाठी दिल्याचा पट्टा. खाली शिक्का आणि मोतीरामचा अंगठा.

"मोतीराम म्हणजे?"

"आमचे मालक. वारले, सा वर्सं झाली."

"सातबाऱ्यावर तर 'सरकार' लागलंय, बाई. फेरफार का नाही केला तेव्हाच?"

"तलाठ्याकडं जाऊन जाऊन चपला झिजल्या त्यांच्या," गीताबाई म्हणाल्या. "उद्या ये म्हनायचा, सप्त्यानं ये म्हनायचा. एकदा तर म्हनला, तुम्हा लोकायला जमिनी दिल्या तर गावची गुरं काय माझ्या घरी चरायची का? मग ह्ये नाय गेले परत. म्हनले, कागद हाय ना आपल्यापाशी."

त्या तलाठ्याला काकासाहेब ओळखत होते. नोकरीच्या सुरुवातीला त्याच्याच हाताखाली त्यांनी कामाचे धडे गिरवले होते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माळखेड्याला गेले. मुरमाड उतार, पण पट्टीपट्टीनं बांध घातलेले. तूर उभी होती, कडेला मका. मधोमध विहीर, दगडानं बांधलेली. गीताबाईंचा मुलगा बुद्धभूषण वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता, त्या दिवशी सुट्टी टाकून आला होता. तो म्हणाला, "ही विहीर आबानं आन् आईनं दोघांनी खांदली, साहेब. दोन उन्हाळे लागले. मी वरून टोपलं ओढायचो." शेजारच्या शेतातले रामकिसन पाटीलही आले. त्यांनी सांगितलं, "जमीन त्यांचीच. पस्तीस वर्सं आमी बगतोय. खोटं कशाला बोलू?" काकासाहेबांनी त्यांचा जबाब लिहून घेतला.

त्यांना मनापासून बरं वाटलं. कार्यालयात येऊन त्यांनी फाईलवर लिहिलं, दावा ग्राह्य. मग पट्टा सायलीकडं दिला.

सायलीनं तो उलटसुलट पाहिला. "सर, हा पण चढवायचा? फाईलीत राहिला तर नाही का चालणार?"

"का?"

"नाही, जुना आहे. त्यात बारीक अक्षरात काय काय अटी आहेत. कुणी तरी वाचत बसंल."

"वाचू दे की. सगळ्यांचे चढतात, हाही चढंल. गरिबाचा कागद झाकून ठेवायचा आणि श्रीमंताचा दाखवायचा, असं असतं का कुठं?"

पट्टा चढला. काकासाहेबांनी त्या अटी वाचल्या होत्या. सातवी अट अशी होती की पट्टाधारकानं वर्षाच्या आत मोजणी करून अधिकार अभिलेखात नोंद करून घ्यावी, न घेतल्यास हा आदेश आपोआप रद्द समजावा. नोंद करणं तलाठ्याच्या हातात होतं, मोतीरामच्या नव्हे, म्हणून त्यांनी ती अट मनावर घेतली नव्हती. शहाणा माणूस असाच विचार करील असं त्यांना वाटलं.

तीन आठवड्यांनी महामंडळाचं पत्र आलं. त्यांच्या वकिलानं संकेतस्थळावरून पट्टा उतरवून घेतला होता आणि सातवी अट लाल रंगात अधोरेखित केली होती. आदेश ब्याण्णव सालीच रद्द झाला, जमीन सरकारची, आणि सरकारच्या जमिनीचा मोबदला कुणालाच द्यावा लागत नाही. पत्राच्या शेवटी एक परिच्छेद अवतरणात होता. राज्यावरचा कर्जाचा बोजा, संशयास्पद दावे, अभिलेखात नोंद नसलेल्या जमिनी. काकासाहेब तो वाचत गेले आणि तिसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं की वाक्यं त्यांचीच आहेत. खाली त्यांचं नाव, पद, टिपणाचा दिनांक.

ते जिल्ह्याच्या वरिष्ठांकडं गेले. वरिष्ठ वयानं लहान होते, बोलायला मऊ.

"तांगडे साहेब, महामंडळानं कर्ज काढून रस्ता करायला घेतलाय. एक गायरानवाला मान्य केला की उद्या चाळीस उभे राहतील. तुम्हीच लिहिलंय ना हे? आम्ही तर तुमचं टिपण सगळ्या जिल्ह्यांना पाठवलं."

"साहेब, ते बोगस दाव्यांसाठी लिहिलं होतं. हा खरा आहे. मी विहीर पाहून आलोय."

"विहिरीची नोंद आहे सातबाऱ्यावर?"

काकासाहेबांनी मान हलवली.

"मग?" वरिष्ठ म्हणाले. "नसेल जमत तर सांगा, मी फाईल दुसऱ्याकडं देतो. निवाडा काय, कुणीही लिहील."

घरी जेवताना मंजुषाबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"सही करू नका मग," त्या म्हणाल्या.

"मी नाही केली तर दुसरा करील. चार ओळींत दावा फेटाळील, कारणसुद्धा देणार नाही. मी लिहिला तर सविस्तर लिहीन. तिचा ताबा, साक्ष, विहीर, तलाठ्याची चूक, सगळं निवाड्यात येईल. त्या जोरावर ती कोर्टात जाईल. मी तिला वाट ठेवतोय."

मंजुषाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. "तुम्हाला पटतंय का हे?" एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ताट उचललं.

सुनावणीला गीताबाई आणि बुद्धभूषण दोघं आले. महामंडळाचा वकील दहा मिनिटं बोलला. काकासाहेबांनी गीताबाईंना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

"काय सांगू, साहेब? तुम्हीच तर बगून गेले."

"तसं नाही, कागदावर यायला पाहिजे."

"कागदावरच तर येत नाय आमचं," गीताबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमच्यासारख्यायची नावं निजामापासून कागदावर हायत. आमचं एकदा आलं, तर त्या कागदाच्याच पोटात फास निगाला. ह्यांना वाचता येत नव्हतं. अंगठा दिला. तुम्ही तर वाचलं व्हतं ना?"

"वाचलं होतं."

"मंग मला का नाय सांगितलं?"

काकासाहेब शिपायाला म्हणाले, बाईंना पाणी द्या. गीताबाईंनी पाणी घेतलं नाही.

निवाडा लिहायला त्यांनी आठ दिवस घेतले. एकोणीस पानं झाली. त्यात त्यांनी काही लपवलं नाही. पस्तीस वर्षांचा ताबा मान्य केला, रामकिसन पाटलांची साक्ष उतरवली, तलाठ्यानं कसूर केल्याचं स्पष्ट लिहिलं. मग सातवी अट घेतली, तिची दुसरी बाजू मांडली, उच्च न्यायालयाचे जुने निकाल तपासले, आणि शेवटी, 'जड अंतःकरणानं' हे शब्द न वापरता, दावा अपात्र ठरवला. उभ्या पिकाची नुकसानभरपाई तेवढी दिली. सही करून त्यांनी प्रत सायलीकडं दिली. ती संध्याकाळच्या आत संकेतस्थळावर चढली.

बुद्धभूषण ती प्रत घेऊन खंडपीठातल्या एका वकिलाकडं गेला. शिवराज वकील, काकासाहेबांच्या ओळखीचे; काकासाहेबांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं आणि फी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. चार दिवसांनी वकिलांचा फोन आला.

"काकासाहेब, वाचला निवाडा. काय लिहिलंय हो! मी कनिष्ठांना वाचायला दिला, म्हटलं असा लिहितात."

"अपील होईल ना?"

"तोच प्रश्न आहे. कारणं दिली नाहीत, एवढा एक मुद्दा मिळाला असता तरी स्थगिती आणली असती. ऐकून घेतलं नाही म्हटलं असतं. ताबा बघितला नाही म्हटलं असतं. तुम्ही सगळंच केलंय. बोट घालायला फट ठेवली नाही. दाखल करतो, पण पोराला उगीच आशा लावू नका."

अपील दाखल झालं. स्थगिती मिळाली नाही. पुढची तारीख चार महिन्यांनी लागली. त्याआधी मुरूम टाकायला गाड्या आल्या. तूर काढायला गीताबाईंना आठ दिवस दिले होते, पण शेंगा भरल्या नव्हत्या. हिरवीच उपटली, शेजाऱ्यांच्या गुरांना घातली. विहिरीत तीन दिवस मुरूम पडत होता, असं रामकिसन पाटलांनी काकासाहेबांना नंतर सांगितलं. काकासाहेब तिकडं गेले नाहीत. माळखेड्यावरून जाणारी वाट टाळून फुलंब्रीलासुद्धा ते दुसऱ्या रस्त्यानं जात.

गीताबाई वाळूजला मुलाच्या खोलीवर राहायला गेल्या. दोन महिन्यांनी त्या एकदा कार्यालयात आल्या, एकट्याच. काकासाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"बसा, बाई."

"बसत नाय. एक काम व्हतं. ते मोबाईलवर दिसतं ना, ह्यांचं नाव. बुद्धभूषनच्या कंपनीतल्या पोरायनं काढून बगितलं. मोतीराम, आन् म्होरं लिवलंय, अपात्र. खाली त्यांचा अंगठा. लोक त्याला म्हनत्यात, तुझ्या बापानं सरकारची जमीन दाबली व्हती. तेवढं पुसा, साहेब. जमीन गेली ती गेली. मेलेल्या मान्साचं नाव कशाला टांगून ठेवायचं?"

"बघतो मी," काकासाहेब म्हणाले. "करतोच."

त्यांनी त्याच दिवशी सायलीला बोलावलं. ती म्हणाली, "सर, आपल्या हातात नाही आता. एकदा चढलेली नोंद काढता येत नाही. काढायचा अधिकारच कार्यालयाला ठेवायचा नाही असं तुम्हीच कळवलं होतं, कुणी मागाहून कागद गायब करू नये म्हणून. आता मुंबईहून परवानगी लागते."

त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. मग स्मरणपत्र. तिसऱ्या पत्रात, नाव काढता येत नसेल तर 'अपात्र'च्या पुढं 'तलाठ्याच्या कसुरीमुळं' एवढं तरी घालावं, अशी विनंती केली. उत्तर पावसाळ्यानंतर आलं, दोन ओळींचं. अभिलेख सार्वजनिक असून त्यात बदल करणं पारदर्शकतेच्या धोरणाशी विसंगत ठरेल.

काकासाहेबांनी बुद्धभूषणला फोन लावला. मागं कारखान्याचा खडखडाट ऐकू येत होता. त्यांनी सांगितलं की नाव निघत नाही, प्रयत्न केला, तीन पत्रं लिहिली.

"बरं," बुद्धभूषण म्हणाला.

"आईला सांग. म्हणजे, मी सांगू का त्यांना?"

"नको. तिनं विचारायचं सोडलंय. तुमचं नाव काढलं की उठून जाती." मागून कुणी तरी त्याला हाक मारली. "साहेब, शिफ्ट चालू हाय. ठेवू का?"

"ठेव," काकासाहेब म्हणाले.

फोन कधीच बंद झाला होता, तरी तो त्यांनी कानालाच धरून ठेवला होता. बाहेरच्या बाकावर पुढच्या गावची माणसं सुनावणीसाठी येऊन बसली होती. शिपाई दोनदा आत डोकावून गेला. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं, पाठवू का साहेब? काकासाहेबांनी मान हलवली. ती मान होय म्हणते की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो दारातच उभा राहिला.