एबुरोनेस आणि काटेतळकर

“बाबा, चार आठवडे झाले. तुला जमत नसेल तर सांग, मी एजन्सीकडून करून घेते.” जुईनं कागद टेबलावर आपटलेच.

शिरीषनं जुन्या फ्रान्सच्या नकाशावरून मान वर केली नाही. जपानात, निशी-कसाईत तेवीस वर्षं काढलेला हा माणूस एका ट्रेडिंग कंपनीत मालाची कागदपत्रं तपासायचा. व्यसन म्हणाल तर एकच, दोन हजार वर्षांपूर्वीच्या केल्टिक आणि बेल्गिक टोळ्या. पॅरिसी टोळीवरून पॅरिस, रेमींवरून रेम्स, त्रेवेरींवरून ट्रियर. आपल्याकडे गावावरून माणसांना आडनाव, तिकडे माणसांवरून गावाला, ही गंमत तो भेटेल त्याला ऐकवायचा. “जित्यांची नावं विसरतो, मेलेल्यांची तोंडपाठ,” असं त्याची बायको नीलिमा म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

जुई बाविशीची. ती जपानचं नागरिकत्व घेणार होती आणि त्यासोबत नवं आडनावही, आओकी. अर्जाला घरच्या कागदांचं जपानी भाषांतर जोडायचं होतं आणि ते बापानं करायचं ठरलं होतं. काटेतळकरांचं काटेतळे गाव धरणात गेलं त्याला चाळीस वर्षं झाली. आडनाव तेवढं उरलं होतं, आणि जुई एकुलती एक.

“काटाकाना लिपीत लिहून काटेतळकरच ठेवता येतं ना?” शिरीषनं विचारलं.

“येतं रे. पण क्लिनिकमध्ये हाक मारताना काउंटरवरची बाई तीनदा अडखळते आणि सगळी वेटिंग रूम माझ्याकडे बघते. शाळेपासून हेच. मोऽ इइ, बाबा! पुरे झालं मला.”

“एबुरोनेस माहितेत तुला? बेल्गिक टोळी. सीझरनं ठरवलं, यांचा वंश आणि नाव दोन्ही पुसून टाकायचं. आज त्यांच्या नावाचं एकही...”

“मी सीझर आहे का?”

नीलिमा स्वयंपाकघरात फिसकन हसली. शिरीषला हसू आलं नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि पोरीचं चुकतंय असंही छातीठोक म्हणता येईना. दोष तरी कुणाला द्यावा?

जुई कागद उचलायला लागली.

“ठेव,” तो म्हणाला. “एजन्सीवाला गावाचं नाव चुकवून ठेवील.”

दुपारपर्यंत त्यानं भाषांतर हातावेगळं केलं. मग त्याच्या ऑफिसातल्या शिरस्त्याप्रमाणे बापलेक ‘योमिआवासे’ला बसले. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या प्रतीवर पेन्सिलीची खूण करून “हाय” म्हणायचं. होकार आल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही. शिरीष आपला जन्मदाखला वाचत गेला. वडिलांचं नाव, आईचं नाव, मुक्काम काटेतळे. जुई “हाय, हाय” करत खुणा करत गेली. तिचा राग कधीच उतरला होता. नीलिमानं मध्येच चहा आणून ठेवला.

शेवटी अर्ज उरला. तो जपानीतच होता, पण तपासायचं म्हणजे सगळंच तपासायचं.

“सध्याचं नाव, काटेतळकर जुई शिरीष.”

“हाय.”

“नागरिकत्वानंतरचं नाव, आओकी जुई.”

होकार आला नाही. जुईची पेन्सिल कागदावर टेकून तशीच राहिली होती.

अशा वेळी तीच ओळ पुन्हा वाचायची असते. शिरीषनं चष्मा सारखा केला आणि ऑफिसातल्या त्याच सपाट आवाजात पुन्हा वाचलं, “आओकी जुई.”