ला रोझच्या कोर्टातला दुभाष्या

तीस ऑगस्टच्या सणाची चर्चमधली मिसा आटोपली की ला रोझ या गाणाऱ्या-नाचणाऱ्या मंडळाचे सोंगातले राजा-राणी शाळेच्या हॉलमध्ये सिंहासनावर बसत आणि संध्याकाळपर्यंत सेंट लुशिया बेटावर इंग्लंडच्या राणीचं काही चालत नसे. राजा एरवी कोळसा पाडायचा. मंडळाची न्यायाधीश मा तेओफिल एरवी मासे विकायची. सिंहासनापुढून मान न तुकवता जो जाईल, त्याच्यावर तिथल्या तिथे खटला.

त्या वर्षी मान तुकवली नाही ती खऱ्या मॅजिस्ट्रेटने. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले लाफेरिएसाहेब डोक्यावरच्या हॅटसकट पाहुण्यांच्या खुर्चीकडे चालत गेले. ढोल थांबला.

फेल्सियन हळूच दाराकडे सरकू लागला. तो साहेबांच्या कोर्टात दुभाष्या होता. आरोपींना इंग्रजी येत नसे, साहेबांना बेटावरची क्रिओल बोली. त्या फटीत त्याचा संसार सात वर्षं सुखाने चालला होता. आरोपी म्हणायचा, ‘या डुकराला काय डोंबल कळतंय.’ इंग्रजीत त्याचं व्हायचं, ‘आरोपी कोर्टाच्या दयेवर विसंबून आहे.’ हे फुटलं तर नोकरी तर जाणारच होती, वर खोट्या शपथेचा तुरुंग.

मा तेओफिलने नेमकं त्यालाच पुढे बोलावलं. “आरोपीला आपली भाषा येत नाही रे बाबा. त्याच्यावर अन्याय नको. विचार त्याला, हॅट डोक्याला शिवलीय की खाली टक्कल आहे?”

न्यायासन आपल्या प्रकृतीची चौकशी करतंय, असं फेल्सियनने इंग्रजीत सांगितलं.

“यांना सांगा,” साहेब इंग्रजीत म्हणाले, “मी असल्या सोंगात भाग घेत नाही.”

फेल्सियनने घाम पुसला. साहेब म्हणतात, उन्हामुळे हॅट राहून गेली, माफी असावी, असं त्याने क्रिओलमध्ये सांगून टाकलं.

साहेब त्याच्याकडे वळले. मग मासळीबाजारातल्या अस्सल क्रिओलमध्ये म्हणाले, “मी असं म्हणालो नाही, फेल्सियन.”



“आता कसं तोंड उघडलं,” मा तेओफिल म्हणाली. “तुझी आई माझ्याच शेजारी माशांची पाटी लावायची. काढ ती हॅट.”

साहेबांनी हॅट काढली. टक्कल होतं. त्यांनी आधी राणीपुढे, मग राजापुढे मान तुकवली आणि ढोल पुन्हा सुरू झाला. खुर्चीकडे वळताना ते फेल्सियनच्या कानाशी थांबले.

“ते डुक्कर सोमवारी नऊला कोर्टात बसतंय,” ते क्रिओलमध्येच पुटपुटले. “त्याला क्रिओल येत नाही. लक्षात ठेव.”

काय म्हणाला रे, असं मा तेओफिलने लांबून विचारलं.

“साहेब म्हणतात,” फेल्सियन म्हणाला, “सण छान झाला.”