रोटाऐवजी केक

परग्रहावरची पोर श्रावणात, कानबाई देवीच्या रविवारी जळगावच्या मेहरूण तलावाकाठी उतरते, एका पाटलाच्या दारात येते आणि घरातली आजी तिला देवीच्या नैवेद्याचा रोट खायला देते. राजकुंवरच्या पुस्तकाचा सगळा जीव एवढ्यात होता. आणि मुंबईच्या सिनेमावाल्यांनी काय करावं? आजीच्या हातात केक दिला! वर मेणबत्त्या लावून!

थेटरातच राजकुंवरचं डोकं फिरलं. कानबाईचा रोट म्हणजे काय येईल त्याला वाटायचा प्रसाद आहे? तो भाऊबंदांतच खातात, परक्याच्या हातावर तुकडासुद्धा ठेवत नाहीत. पोरीला रोट मिळाला म्हणजे ती घरची झाली, साधी गोष्ट होती.

ही साधी गोष्ट राजकुंवरला चांगलीच ठाऊक होती. धुळ्याच्या भिकमचंद शेठची ही मुलगी जळगावात विज्ञान शिकवायला आली आणि लीलाधर पाटलाशी लग्न करून बसली. सासूनं, झुंबरबाईंनी, तिला घरात घेतलं, तिची बाळंतपणं केली, तापात उशाशी बसल्या. पण मारवाड्याची ती मारवाड्याची. दर श्रावणात सगळे रोट खात आणि हिच्या ताटात साधी पोळी पडे. तिला फार लागायचं ते. ती भांडली मात्र नाही, पुस्तक लिहून मोकळी झाली.

सिनेमा लागला तसा गावातल्या वर्तमानपत्राच्या हीरालालजींनी तिला लेख मागितला: सिनेमा कुठं जमला, कुठं फसला? दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर लिहायला बसली. शेजारी झुंबरबाई गहू निवडत होत्या.

"काय लिखी राहिनी व, मास्तरीण?"

राजकुंवरनं वाचून दाखवलं. यान झकास, पोरं खूश. परग्रहावरची पोर झालेली मुलगी गोड. गाणी उगाच घुसडलेली. आजी विनाकारण खाष्ट केली, अर्धा सिनेमा पोरीला बाहेरच बसवते. आणि केकनं तर सगळ्यावर पाणी पडलं.

"केक ते वाईटच शे," झुंबरबाई म्हणाल्या. "केक कोनी बी खाई टाकस. पन डोकरी खरी शे."

"खरी? ती खाष्ट म्हातारी?"

"तुना पुस्तकमा डोकरी लगेच रोट दी टाकस. असी कोनी देस का? तिले भ्याव वाटस. देव काय म्हनी, भाऊबंद काय म्हनतीन."

"तुम्हाला पुस्तकातलं कसं माहीत, आई?"

"लीलाधरनी पुरं पुस्तक वाची दखाडं. बठ्ठं." त्यांनी एक खडा वेचून फेकला. "रोटनी चव मातर नही लिखी तू."

"कशी लिहिणार? कधी खाल्लाय मी?"

बोलून गेली आणि जीभ चावली. झुंबरबाई सूप उचलून आत गेल्या. झालं, इतकी वर्षं सांभाळलेलं एका वाक्यात घालवलं, असं राजकुंवरला वाटलं. तरी लेखातली आजीच्या खाष्टपणाची ओळ तिनं खोडली. आजी खरी आहे, माझ्या पुस्तकातल्या आजीपेक्षा खरी, असं लिहून लेख पाठवून दिला.

श्रावण आला. कानबाई बसली, भाऊबंद जमले, पंगत मांडली. राजकुंवर नेहमीसारखी दाराशी उभी होती.

"मास्तरीण, तठे काय उभी? बस." झुंबरबाईंनी तिच्यापुढं ताट ठेवलं आणि त्यात रोट वाढला.

लीलाधरचे चुलते सुकदेव नाना हात आखडून बसले. "वहिनी, हाई काय?"

"मनी सून शे, नाना. तुम्हीन जेवा." झुंबरबाईंनी एकदा भीतभीत कानबाईकडे बघितलं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. नानांनी ताट पुढं ओढलं आणि ते जेवू लागले.

"ले, खा," झुंबरबाई राजकुंवरला म्हणाल्या. "हाऊ केक नही शे."

राजकुंवर खात होती आणि भर पंगतीत तिचे डोळे वाहत होते. पुसायचं भानही तिला राहिलं नाही.

दिवाळीनंतर पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. रोटाची चव तेवढी घाला, वाचक विचारतात, असं प्रकाशकानं दोनदा कळवलं. राजकुंवरनं घातली नाही. बाहेरच्यांना कशाला सांगायची?