एकशे तेरावा साग

गुणाजी रखवालदाराच्या ताब्यात सरकारचे एकशे बारा साग होते. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, मजिवड्याच्या शेतांना लागून. जंगल खात्याचा नवा कायदा होऊन चारेक वर्षं झाली होती आणि खातं अजून उत्साहात होतं. प्रत्येक सागाची साल वीतभर तासलेली, तिच्यावर डांबरानं आकडा, आणि आकड्याखाली शिक्क्याच्या हातोड्यानं ठोकलेला राणीचा मुकुट. वैशाखातल्या एका शुक्रवारी रेंजर सबनीस मोजणीला येणार होते, म्हणून गुणाजीनं बुधवारीच झाडं मोजून घेतली. एकशे तेरा भरली.

एखादं कमी भरलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं. कमी पडलेल्या झाडासाठी खात्याकडे कारणं तयार होती. वणवा, वाळवी, वीज, चोर. जास्तीच्या झाडाला कारणच नव्हतं. जंगलात झाड ठेवून जाणारा चोर गुणाजीनं सहा वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

त्यानं पुन्हा मोजली, या वेळी उलटीकडून. पहिल्याच झाडावर स्वच्छ ११३ लिहिलेलं. डांबर ताजं, मुकुट ठळक. मग त्यानं मान वर केली. वैशाखातले सगळे साग पानं गाळून खराट्यासारखे उभे होते, आणि हा एकटा हिरवागार, अंगावर सात फणस घेऊन.

झाड हद्दीच्या दगडांच्या आत होतं, म्हणजे सरकारचं. त्यावर मुकुट होता, म्हणजे दुप्पट सरकारचं. तोडावं तर सरकारी झाड तोडल्याचा गुन्हा. शिक्का खरवडावा तर शिक्का खरवडल्याचा गुन्हा. आणि तसंच ठेवावं तर सबनीस पहिला प्रश्न विचारणार, की या इलाख्यातला एकुलता एक हातोडा कोणाच्या कमरेला असतो?

गुणाजीनं कमरेकडे पाहिलं. हातोडा तिथंच होता.

"मीच तर नाही ना ठोकला?" त्यानं घरी येऊन बायकोला विचारलं. "झोपेत?"

"झोपेत तुम्ही कूस बदलत नाही," कलावती म्हणाली. "डोंगरावर कुठले जाताय? पण जागेपणी काय करता ते मला ठाऊक नाही."

ते ऐकून त्याचा स्वतःवरचा संशय वाढला. गुरुवारची अख्खी सकाळ त्यानं स्वतःवर पाळत ठेवली. आक्षेप घ्यावा असं काही आढळलं नाही. पण पाळत आहे हे कळल्यावर माणूस सावध होणारच, हेही त्याच्या लक्षात आलं.

दुपारी तो हद्दीचे दगड बघायला गेला. दगडांखालचं गवत अजून मेलं नव्हतं. आणि दहा हात अलीकडे जमिनीवर पांढुरके चट्टे होते, अगदी दगडांच्या मापाचे. हद्द चालत पुढे आली होती. लोक रातोरात हद्द मागे ढकलतात, हे खात्याला माहीत होतं. सरकारला जमीन चोरून देणारं माणूस कोण?

जवळात जवळचं घर क्लेमेंटिनाचं. विधवा बाई, ठाण्याच्या बाजारात अंडी विकायची. गुणाजी पाणी मागायच्या निमित्तानं अंगणात शिरला आणि तिथंच थांबला. म्हैस बांधलेल्या मेखेच्या डोक्यावर सात मुकुट उमटले होते.

"क्लेमेंटिना बाय, ही म्हैस सरकारी कधी झाली?"

"तूच दिलास ना हातोरा," सुपातले तांदूळ पाखडत ती म्हणाली. "गेल्या महिन्यान. ताक प्यायलास, पडवीन आडवा जालास. मी म्हटला, मेख ठोकाची हाय. तू म्हटलास, घे."

आता त्याला आठवलं. ताक चांगलं होतं.

"मेख ठोकलीस. आणि फणस?"

"कंचा फणस?"

"एकशे तेरा नंबरचा!"

तिनं सूप खाली ठेवलं. "माज्या नवऱ्यानं, गॅब्रिएलनं लावलेला. लगीन जाल्यावर. तो गेला तवापासून दीर माजा, कॉस्मास, दारांना लाकूर पायजे म्हून मागं लागलाय. गेल्या आयतवारी देवळान मिसा जाली नि करवत घेऊन आला. मुकुट बगला, टोपी काढली, नि घरी गेला."

"आणि डांबर? दगड?"

"डांबर तुज्याच डब्यातला. दगड पाटीतून नेले. रोज दोन. शेनाखाली."

"मी उद्या रेंजरसाहेबांना सांगणार!"

"सांग. हातोरा कसा दिलास, ते बी सांग."

गुणाजीनं पाणी न पिताच घर गाठलं.

शुक्रवारी सबनीस आले. डोक्यावर पगडी, काखेत वही. आकडे वाचत वाचत शेवटच्या झाडापाशी पोचले आणि थांबले. वही पाहिली, झाड पाहिलं. गुणाजीनं मनातल्या मनात नोकरीला रामराम केला.

"एकशे तेरा," सबनीस म्हणाले.

"होय साहेब."

"वहीत एकशे बारा आहेत. मागच्या वर्षी कोणी मोजले?"

"आपणच, साहेब. सही आहे."

सही होती. तिच्यावर 'प्रत्यक्ष मोजून खात्री केली' असंही सबनीसांच्याच हातचं होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग गुणाजीकडे रोखून पाहिलं. हा रखवालदार वर्षभर गप्प राहून आपली चूक पोटात घेऊन बसला असावा, असा दाट संशय त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. बाराचे तेरा करायला त्यांना एकच फटकारा पुरला.

"साहेब," गुणाजीच्या तोंडून निघून गेलं, "फणस लागलेत."

"सागाला फळ येत नाही का?"

"येतं. पण बोराएवढं."

"जमीन चांगली असेल." त्यांनी वही मिटली. "दोन नमुने काढून टांग्यात ठेव."

गुणाजी फणस काढत असताना अंगणातून क्लेमेंटिना ओरडली, "सायबा, बरका हाय तो, मऊ! कापा नाय! संबालून!"

सबनीसांचे डोळे बारीक झाले. "ही बाई कोण? हिला सरकारी सागाची इतकी माहिती कशी?"

"शेजारीण, साहेब."

"लक्ष ठेव तिच्यावर. आणि या झाडावरही. रोज."

टांगा गेला. अंगणाच्या कडेला उभी राहून क्लेमेंटिनानं उरलेले पाच फणस मोजले, मग झाडाकडे बघून छातीवर क्रूस काढला आणि आत गेली. गुणाजी झाडाखाली बसला. नोकरी राहिली होती, आणि कामात एक फणस वाढला होता.

तेवढ्यात बांधावरून कॉस्मास आला. टोपी हातात, चेहरा फारच गरीब. त्याच्या बांधावरच्या चिंचेवर त्याच्या मेव्हण्याचा डोळा आहे, हे सगळ्या मजिवड्याला ठाऊक होतं.

"गुणाजी, जरा हातोरा देतोस? म्हशीची मेख ठोकाची हाय."

"तुझ्याकडे म्हैस कुठाय?"

"घेनार हाय," कॉस्मास म्हणाला. "पन मेख आदी ठोकलेली बरी."

गुणाजीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि आपला उजवा हात हातोड्याच्या फार जवळ गेलाय, हे स्वतःवर ठेवलेल्या पाळतीत दिसताच तो लगेच मागे घेतला.