वाकडा पाट

दिवाळे गावच्या मासळीबाजारात भागीरथीच्या पाटाची थट्टा तीस वर्षं चालली होती. एका बाजूनं पोट सुटल्यासारखा फुगलेला, दुसऱ्या बाजूनं सरळ, आणि एक कोपरा तिरका उडवलेला. "तुज्या नवऱ्यानं डोलं मिटून कापला का गं?" शेजारी बसणारी दुर्गाबाई विचारायची. भागीरथी नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची आणि त्याच पाटावर बसून कोळंबी विकायची. वाकडा असला तरी तिच्यासाठी केलेला होता. मुलाच्या, कान्हाच्या बाळंतपणात तिची कंबर धरली होती, ओल्या जमिनीवर बसवत नव्हतं. तेव्हा एका दुपारी नवऱ्यानं, कोंडिबानं तो आणून तिच्यापुढं टाकला होता. त्या माणसानं तिच्यासाठी म्हणून हातानं केलेली ती एकच वस्तू.

आज ती त्याच पाटावर, पण घराच्या पडवीत बसली होती आणि मुलाचं तोंड बघत होती. नारळी पौर्णिमा परवावर आली होती. होडी रंगवून झाली, जाळी शिवून झाली, आणि होडीच्या मोटरीचं प्लॅस्टिकचं कव्हर काही बसेना. पावसाचे दोन महिने ते घरात पडून होतं, वर जाळ्यांचा ढीग. त्याची कड आता मधेच आत दबली होती. एक बाजू बसवावी तर दुसरी वर यायची. कडी लागायचं नाव नाही.

"बा गेल्यापासून दरसाल थोडं थोडं आत जातंय," कान्हा म्हणाला. "यंदा पार गेलं. या मोटरीचं कव्हर आता कुठं मिलत पन नाय. उघडी मोटर खारं पानी किती दिवस सोसंल? आये, मी सांगतो, होडी देऊन टाकू. उलव्याला विमानतळावर गाडी चालवायचं काम हाय."

तीन वर्षांपूर्वी कोंडिबा गेला, तेव्हा तिनं मुलाकडं एकच गोष्ट मागितली होती, होडी चालती ठेव. दुपारी तिनं इद्रीसला फोन लावायला सांगितलं.

ही मोटर पहिल्यांदा चालू केली ती इद्रीसनं. खाडीकाठी त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. आता तो उलव्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचा, सातव्या मजल्यावर, हाताला ऑइल लागत नाही म्हणून वैतागलेला. तासाभरात आला. कव्हर उलटं करून त्यानं कडेवरून बोट फिरवलं.

"हा फोड कसला?"

"काल गॅसवर धरलं होतं," कान्हा पुटपुटला.

"पापड समजलास काय?" इद्रीसनं मान हलवली. मग भागीरथीला म्हणाला, "भाबी, याची फली कुठाय?"

"कसली फली?"

"कोंडिबाची. मोटर आली त्या दिवशी माझ्या दुकानात पेपर पसरून त्यानं या कव्हराच्या तोंडाचं माप काढलं. पावसात कव्हर उतरवलं की फली आत ठोकून ठेवायचा. आकार धरून ऱ्हातो."

"आमच्यात अशी फली..." भागीरथी बोलता बोलता थांबली, कारण इद्रीसची नजर तिच्या खाली गेली होती.

"भाबी, जरा उठा."

ती उठली. इद्रीसनं पाट कव्हराच्या तोंडावर धरला. फुगीर बाजूला फुगीर बाजू आली, सरळला सरळ. तिरका कोपरा नेमका कडीच्या जागी आला. कान्हा खो खो हसला. आईकडं बघून त्यानं हसू आवरलं.

"म्हंजे हा माज्यासाठी नव्हता," भागीरथी म्हणाली.

इद्रीसनं दाढी खाजवली. "कापला मोटरीसाठी, भाबी. खोटं कशाला बोलू?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. तीस वर्षं! मग तिला एकेक पावसाळा आठवायला लागला. समुद्र बंद झाला, तिचा बाजार बंद झाला की पाट घरातून नाहीसा व्हायचा. विचारलं तर कोंडिबा म्हणायचा, "माल्यावर टाकलाय, ओल धरंल." आणि पौर्णिमेला पाट दारात हजर, खसखसा घासलेला, तरी पेट्रोलचा वास येणारा. त्या वासावरून ती दरवर्षी भांडायची. तो ऐकून घ्यायचा. दहा महिने पाट तिचा, दोन महिने मोटरीचा. मोटरीची फळी म्हटल्यावर ती त्यावर टेकलीसुद्धा नसती, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. तो गेल्यावर तीन पावसाळे पाट कुणी नेला नाही. तो इथंच होता, तिच्या खाली.

"बघत काय बसलाय?" तिनं डोळे पुसले. "चूल पेटवा."

अंगणात मोठ्या टोपात पाणी उकळलं. त्यात गोणपाटं भिजवून इद्रीस ती कव्हराच्या कडेवर टाकायचा. थंड झालं की दुसरं. अर्ध्या तासानं कड नरमली, तेव्हा दोघांनी मिळून पाट आत ठोकला. जिथं कड जास्त दबली होती तिथं इद्रीसनं सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबली. "सोडल्यावर थोडं मागं येनारच. म्हनून आत्ताच जास्त ढकलायचं." वरून दोरी आवळली. "उद्या सकालपर्यंत हात लावायचा नाय."

सकाळी दोरी सोडली. कान्हानं कव्हर मोटरीवर ठेवलं, डाव्या कोपऱ्यावर मूठ मारली. कडी कट्‌ करून लागली. फोड तेवढा राहिला. पेट्रोलचा कॅन उचलून कान्हा होडीकडं गेला. विमानतळाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

पौर्णिमेला नारळ खाडीला देऊन झाल्यावर कान्हा पाट घेऊन आला, घासून धुतलेला.

"आये, तुला चांगला सरल पाट आनून देतो. हा मोटरीलाच ठेवू."

"सरल पाटावर मला आता बसता येनार नाय." तिनं पाट काखेत मारला. "पावसाला लागला की ने. पन मागून ने. तुज्या बासारका चोरून नको."