सदर ऑटोचालक

"चार वाजून बावीस मिनिटं," ज्योत्स्ना स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा फाटकापर्यंत जाऊन आली. शाळा पावणेचारला सुटते. शिरपुरात शाळेपासून घरापर्यंत ऑटोला फार तर बारा मिनिटं लागतात. पहिलीतली ईश्वरी अजून आली नव्हती आणि ऑटोवाल्या मेहबूबचाचांचा फोन बंद होता.

शेजारची वर्षाराणी तारेवर कपडे टाकता टाकता म्हणाली, "येईन ना वं! टायर-गियर बसलं असन. काहून जीव टांगून घेतला तू?"

"तुह्ये पोरं मोठे झाले, तुले काय होते बोलाले."

ज्योत्स्नाचा जीव असाच, पाऱ्यासारखा. पोरीचा ताप ती दोनदा मोजायची आणि तिसऱ्यांदा कपाळाला हात लावून पाहायची. वाट बघून बघून तिनं शेवटी मोबाइल काढला आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं:

'सर्व पालकांच्या निदर्शनास आणून देण्यात येते की, सदर ऑटोचालक वारंवार विलंब करीत असून त्यांचा फोनही बंद असतो. ही बाब पाल्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत गंभीर असल्याने तातडीने पर्यायी व्यवस्था करण्यात यावी, ही विनंती.'

ईश्वरी होण्याआधी तीन वर्षं तिनं सेतू केंद्रात बसून लोकांचे अर्ज लिहिले होते. कुणाची वीज, कुणाचा दाखला, कुणाचा बांध. अर्जात 'विलंब' आला की त्याच्या आधी 'वारंवार' येतोच. बोटांनाच सवय झालेली. खरं तर नर्सरीपासूनच्या चार वर्षांत चाचांना उशीर झाला तो आजच.

साडेचारला ऑटो आला. चाचांनी ईश्वरीचं दप्तर उतरवून दिलं. "उशीर झाला बेटा. मोबाइलची ब्याटरी बी मेली." एवढंच बोलून ते उरलेली पोरं घेऊन पुढं गेले. ईश्वरी मान खाली घालून घरात शिरली. ज्योत्स्नाच्या हातातला फोन मात्र थरथरत होता, अंगठ्यावर अंगठे येत होते. ग्रुप चालवणारे रामकिसन गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी लिहिलं, 'मॅडम, अतिशय मुद्देसूद.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर दहा-बारा पालक जमले. गुरुजींनी चष्मा चढवून तो मेसेज मोठ्यानं वाचला. 'वारंवार' म्हणजे किती वेळा, हे कुणी विचारलं नाही. सोमवारपासून मोहनसिंगची व्हॅन लावायचं ठरलं. ज्योत्स्ना मागं बसली होती. तोंडाशी आलं होतं, पण चारचौघांत आपल्या लिहिण्याची तारीफ चाललेली असताना उठून 'ते खरं नाही' म्हणायला छाती लागते. तिनं पदर सारखा केला आणि चहा घेतला.

शनिवारी सकाळी पोरगी शाळेत गेली. भाजी चिरता चिरता फोन वाजला. तेरा वर्षांपूर्वीची आठवण, असं म्हणून फेसबुकनं एक फोटो पुढं केला होता. मेहबूबचाचा तेव्हा चालवायचे ती काळीपिवळी जीप, बॉनेटला टेकून दोन वेण्यांची एक पोरगी, आणि खाली तिनंच लिहिलेलं. मराठी बोल, इंग्रजी अक्षरं, त्यातही एक मोठं, एक बारकं:

'आज पेपर होताऽऽऽ आणि मी लेट!!!! चाचांनी जीप थांबवून ठेवली अर्धा तास... सगळे प्यासेंजर बोंबलले... चाचा म्हणे पोरीचा पेपर हाये, ज्याले घाई असन त्यानं वाशीमले पायी जा!!! लव यू चाचाऽऽऽ'

पुढं जीभ काढलेले सात चेहरे. मैत्रिणींच्या बावन्न कमेंट.

ज्योत्स्ना एकटीच खदखदून हसली. मग कांदा तसाच टाकून ती खाली खाली वाचत गेली. सेकंड इयरला शायरी सुरू झाली होती, कुठून कुठून उचललेली, प्रत्येकीखाली गुलाबाचं फूल. कुणाला उद्देशून होती ती, आता आठवूनही आठवेना. मग डी.एड.; तेव्हा देवनागरी आली, सुविचार आले. मग लग्न: 'आपण दिलेल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार.' हे वाक्य तिनं तेव्हा नवऱ्याला, हरीओमला, विचारून टाकलं होतं, सासरचे वाचतील म्हणून. मग सेतूतली वर्षं. मग ईश्वरीच्या पायाचा तळवा, चेहरा मुद्दाम न दाखवता. आणि अलीकडे, कुणी जन्मो की मरो, नुसते जोडलेले दोन हात.

ती वेण्यावाली लिहायची आणि पाठवून मोकळी व्हायची. आता साधं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' पाठवायचं तरी ज्योत्स्ना तीनदा खोडत होती. कधी झालं हे? कुणी रागावलं नव्हतं, कुणी शिकवलंही नव्हतं.

दुपारी चाचांचा ऑटो अगदी वेळेवर आला. पोरगी दूध पीत असताना ज्योत्स्नानं तिला फोटो दाखवला. "वळख बरं, कोण हे?"

"तू? ई, कशी दिसतेस!" ईश्वरी हसली. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "मम्मी, चाचा सोमवारपासून नाई येणार? आर्यनची मम्मी सांगून राह्यली होती."

"नाही येणार."

"माह्या बॉटलमुळं?"

"कोणती बॉटल?"

मग पोरीचा बांध फुटला. मंगळवारी ती पाण्याची बॉटल वर्गात विसरली होती. "तू रागावशीन म्हणून मी लय रडली. मंग चाचांनी ऑटो मांगं फिरवला. शाळेले कुलूप होतं. चाबीवाले काका येईपर्यंत आमी थांबलो. चाचा म्हणे, मम्मीले नको सांगू, तिचा जीव घाबरते."

ज्योत्स्नानं फोनवरचा फोटो बंद केला. मग तिनं ग्रुप उघडला. 'उपरोक्त विषयाबाबत खुलासा करण्यात येतो की' एवढं लिहिलं आणि आपल्याच अक्षरांची तिला किळस आली. सगळं खोडलं.

'ऐका ना. मंगळवारचा उशीर माझ्या पोरीमुळे झाला. ती बॉटल विसरली, मी ओरडेन म्हणून रडत बसली, म्हणून चाचांनी ऑटो मागे नेला. चार वर्षांत तो पहिलाच उशीर. वारंवार हे मी खोटं लिहिलं. माझं चुकलं. आपल्याला चाचाच पाहिजेत!!!'

एकदाही न वाचता तिनं ते पाठवलं.

वीस मिनिटं गेली. मग गुरुजी: 'भावना समजल्या मॅडम. परंतु व्हॅनचे पक्के झाले आहे.' त्याखाली कुणीतरी वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकला आणि ग्रुप तिकडं वळला.

ती पोरीला घेऊन तशीच बाजारामागच्या गल्लीत गेली. चाचांची बायको ताजबी दारातच होती. "ये बाई, ये. चाय ठेवते." ईश्वरी तिच्यामागं आत पळाली.

चाचा अंगणात ऑटोच्या मागच्या भागात उकिडवे बसले होते. सीटसमोर बारक्या पोरांना बसायला त्यांनी स्वतः लावलेली आडवी फळी होती, तिचे स्क्रू काढत होते.

"चाचा."

"ग्रुपातलं कोणी धाडलं, ते सुनेनं वाचून दाखोलं मले," ते मान वर न करता म्हणाले. "पयलं बी, आताचं बी. पयलं आयकून म्या म्हनलं, नाव सारखं असन दुसऱ्या कोणाचं. आपल्या ज्योत्स्नाचं बोलनं असं नाही."

"माह्यंच होतं, चाचा."

"मालूम हाये." त्यांनी स्क्रूवरचा गंज फुंकला. "आताचं आयकून तुही चाची हासली. म्हने, पोरगी अजून तशीच हाये."

ते स्वतः हसले नाहीत.

"मी ईशूले तुमच्याच ऑटोत धाडीन. बाकीच्याईनं काय करायचं ते करो."

"नको बेटा. एकटं लेकरू ऑटोत रडते. दहाजन पायजेत, कडेच्या जागेसाठी भांडाले."

"मंग तुमी काय करसान?"

"स्टँडवर लागीन. मंदिराले येनारे लोकं उतरतात ना. मोठे मानसं. त्याईले फळी नाही लागत."

फळीवरचा हिरवा रंग मधोमध उडाला होता आणि तिथलं लाकूड गुळगुळीत, चकचकीत झालं होतं. चाचांनी पेचकस पुन्हा लावला. स्क्रू कुरकुरला, सुटला. ठेवायला जागा शोधत त्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

"हात कर."

तिनं ओंजळ पुढं केली.

"बारीक हायेत. सांडू नको."

दुसरा स्क्रू पडला, मग तिसरा. फळी एका बाजूनं झुकली. ती ओंजळ न हलवता उन्हात उभी राहिली, चौथ्याची वाट पाहत.