दुसरा कडा आला तर

"चुकलीस. मेलीस," चारुदत्त म्हणाला. "परत कर."

गार्गी वाळूत गुडघे टेकून बसली होती. गळ्यातलं बीकन छातीशी लोंबत होतं. "बाबा, सारखं मेलीस मेलीस नको ना म्हणूस."

"मग काय म्हणू? कडा आला म्हणून ओरडलो मी. फिरवलंस बटण?"

"सापडतच आलं होतं रे! झिरो पॉइंट फोर दाखवत होतं."

पुंगोलच्या किनाऱ्यावर ऊन कलल्यावरही अंग घामाने चिकचिकत होतं, आणि ही बापलेक बर्फात गाडलेला माणूस शोधायची तालीम करत होती. शेजारी गळ टाकून बसलेल्या चिनी अंकलला शेवटी राहवलं नाही. "काय हरवलं? सोन्याची चेन?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नो लाह, अंकल. बर्फाची प्रॅक्टिस," गार्गी म्हणाली.

"सिंगापुरात?" तो खो खो हसला.

चारुदत्त हसला नाही. गेल्या हिवाळ्यात जपानात होक्काइडोच्या डोंगरात त्याच्या बायकोच्या, सुनेत्राच्या गटावर बर्फाचा कडा कोसळला. अनिमेष नावाचा त्यांचा सोबती गाडला गेला. बाकीच्यांनी आपापली बीकनं शोधावर टाकली. सुनेत्रानेही टाकलं. एरवी बीकन सतत आपला आवाज देत असतं; शोधावर टाकलं की दुसऱ्याचा ऐकतं, स्वतःचा देत नाही. म्हणून नियम असा की वरून दुसरा कडा सुटला, तर आधी बटण परत आवाजावर फिरवायचं आणि बाजूला पळायचं. दुसरा कडा आला. सगळे पळाले. चारुदत्तची बायको खणत राहिली.

अनिमेषला जिवंत काढलं, त्याच्या बीकनचा आवाज येत होता. सुनेत्राचा येत नव्हता. ती दुसऱ्या दिवशी सापडली, लांब काठ्या टोचून टोचून.

आणि आता शनिवारी गार्गी त्याच गटाबरोबर त्याच डोंगरावर निघाली होती. आई गेली ती जागा तिला बघायची होती. चारुदत्तने रागावून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. काही चाललं नाही. मग त्याने अट घातली. मी ओरडलो की तू बटण फिरवायचंस, हातातलं टाकून. जमलं तर जा. अजून एकदाही जमलं नव्हतं.

"माझं नवीन आहे, बाबा. माणूस पडून राहिला की आपोआप फिरतं ते."

"पडून राहिल्यावर! काय बोलतेयस, कळतंय का तुला?"

गार्गीचा आवाज चढला. "एवढं सोपं आहे ना? मग तू करून दाखव."

"दाखवतो. आण इकडे."

तिचं बीकन गळ्यात अडकवून तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. पाठीमागे तिने सुनेत्राचं बीकन प्लास्टिकच्या डब्यात घालून पुरलं. कपड्यांबरोबर जपानहून परत आलेलं ते यंत्र अजून चालत होतं.

"हं, शोध."

बटण शोधावर फिरवून चारुदत्त निघाला. काचेवरचा आकडा उतरत गेला. अठरा मीटर. अकरा. पाच. तो वाकला, यंत्र वाळूला लावून पुढे सरकला, मग बसला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला. वरची वाळू गरम होती. खालची ओली, थंडगार.

"कडा आला!" गार्गी ओरडली.

त्याला स्वच्छ ऐकू आलं. काय करायचं तेही माहीत होतं. महिनाभर तो दुसरं काही बोललाच नव्हता.

"बाबा, कडा! बटण!"

त्याचे हात थांबेनात. वाळू ढासळून खड्ड्यात येत होती आणि तो ती उपसत होता. नखं दुखायला लागली. अंकल गळ सोडून उठून उभा राहिला.

"आलोच," चारुदत्त पुटपुटत होता. "आलोच गं. जरा थांब. आलोच."

गार्गी पळत आली. तिने त्याला ओढलं नाही. शेजारी बसून तिने त्याच्या गळ्यातलं बीकन हातात घेतलं आणि बटण फिरवलं. त्याच्या छातीवर एक बारीकसा दिवा लुकलुकायला लागला.

मग तिनेही खड्ड्यात हात घातले.